ल. म. त्रिभुवन, देबितोर

कोपरगावात आमच्या गल्लीत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याची एक पाटी दिसते. ‘ल. म. त्रिभुवन, बी. ए., बी. एड., देबितोर.’ पाटी रंगवणाऱ्याला वाटलं, मास्तरांनी म्हातारपणी आणखी एखादी परीक्षा दिली असेल. म्हणून त्यानं शेवटचा शब्द बाकीच्या पदव्यांपेक्षा जरा मोठाच काढला.

एकदा येवल्याकडचा एक शेतकरी पोट धरून त्या दारात उभा राहिला.

“डाक्टर हायत का?”

“डॉक्टर नाही, देबितोर आहे. बसा.”

“त्ये कशाचं आसतंय? पोटाचं बघता का?”

“पोटाचं नाही, शब्दाचं बघतो.”

तो बिचारा बसला. त्याला चहा मिळाला, चहाबरोबर लॅटिन मिळालं, आणि जाताना तो म्हणाला की आता जरा बरं वाटतंय. हा किस्सा सर सगळ्यांना सांगतात. मी दर वेळी सांगतो की गुण चहाचा होता.

तर देबितोर म्हणजे देणेकरी. लॅटिनमध्ये. डोकं ठिकाणावर असलेला माणूस स्वतःच्या दारावर स्वतःला देणेकरी म्हणवून घेईल का? आणि तेही माझ्या शेजारी राहून? माझे अब्बा खांद्यावर भाता घेऊन गावोगाव कल्हई करत फिरले. मी फुटपाथवर पोतं टाकून ॲल्युमिनियमची पातेली विकली. आज मेन रोडला माझं भांड्यांचं दुकान आहे, शटरं दोनाची तीन झाली आहेत. या सगळ्यात मी कुणापुढे हात पसरला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून हे गृहस्थ देणेकरीपणाची पाटी लावून बसले आहेत.

पाटीचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्यांच्याकडे माझा डबा आहे. तो माझा खरा राग आहे आणि तो मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हमीदभाईनं मनात ठेवून लिहिलं.

त्रिभुवन सर मूळचे राहात्याकडचे. लहानपणी त्यांच्या घरच्यांनी त्यांना फादर व्हायला पाठवलं होतं. तिथं ते लॅटिन शिकले. फादर व्हायला थोडं राहिलं असताना सुट्टीत गावी आले, चर्चच्या सणाला मार्थाबाई दिसल्या, आणि ते परत गेलेच नाहीत. “फादर झालो नाही, पण फादर झालो,” असा एक विनोद ते करत. त्यांना एक मुलगी आहे, म्हणून. मार्थाबाई हा विनोद ऐकला की उठून आत जात.

पुढं ते हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर झाले. मीही त्यांच्या हाताखालून गेलो, म्हणजे त्यांच्या छडीखालून. इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचा आणि त्याचं मूळ गाव शोधायचं, हे त्यांचं वेड. नोकरी संपली, वेड राहिलं. आता फळा नाही, म्हणून ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसतात.

समोरून तालमीतली पोरं दंड फुगवत गेली की म्हणणार, “मसल म्हणजे काय ठाऊक आहे? छोटा उंदीर. यांच्या दंडात उंदीर पळतो.” निवडणुकीत पांढऱ्या कपड्यातले लोक हात जोडून दुकानात आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, “कॅन्डिडेट म्हणजे पांढरं घातलेला. लॅटिनमध्ये कपड्यापलीकडे काही अपेक्षा नाही.” मला त्या लोकांना नंतर दोनदा चहा पाजावा लागला. आणि माझ्या गल्ल्यावरची ‘उधार बंद’ची पाटी पाहिली की दर वेळी तेच. “क्रेडिट म्हणजे तो विश्वास ठेवतो. तू लिहिलंयस, विश्वास बंद.”

“सर, विश्वास चालू ठेवला असता तर आज दुकान बंद असतं.”

“उत्तर चांगलं आहे. मूळ चुकलं.”

जाताना ते छत्री विसरणार. रोज. थोड्या वेळानं परत येणार, “छत्री राहिली वाटतं,” म्हणणार आणि पुन्हा बसणार. उन्हापावसाचा या छत्रीशी काही संबंध नाही.

आता डब्याचं सांगतो.

आमच्या गल्लीत भांडं रिकामं परत देत नाहीत. ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो, दिवाळीला पाटीलकाकूंकडून फराळ येतो, नाताळला मार्थाबाईंच्या करंज्या यायच्या. ज्या भांड्यातून जिन्नस आला, त्यात काही ना काही घालूनच ते परत करायचं. काही नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं देणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

अम्मा होती तेव्हाची ईद. सरांकडे शीरखुर्मा नेहमी एकाच डब्यातून जाई. पितळी, उभा, आतून अब्बांनी स्वतः कल्हई केलेला, घट्ट झाकणाचा. झाकणावर टिचकी मारली तर मंदिरातल्या घंटेसारखा नाद. त्या ईदला डबा गेला. मार्थाबाई आमच्या दारात येऊन अम्माला म्हणाल्या, “भाभी, डबा राहू द्या. नाताळला करंज्या भरूनच देते.”

नाताळ आला, पण मार्थाबाई तेवढं थांबल्या नाहीत. पावसाळ्यातच गेल्या.

अशा घरी डबा मागायला कोण जाणार? आम्ही गप्प बसलो. वर्ष गेलं. मग अम्माही गेली. अब्बांच्या हातची बाकीची भांडी मी धंद्याच्या ओढाताणीत कधीच मोडीत काढली होती. त्यांच्या हाताचं म्हणून जगात एकच भांडं उरलं, आणि ते माझ्या भिंतीपलीकडे. मी मागायला गेलो.

“देतो ना,” सर म्हणाले. “पण रिकामा कसा देऊ?”

“सर, चिमूटभर साखर टाका.”

“करंज्या कबूल केल्या होत्या.”

“बरं, बाजारची शेव घाला पाव किलो. मी आणून देतो.”

“तुझीच शेव तुला?”

“बिस्किटं. शेवटचं बोलतो. बिस्किटाचा पुडा आणि विषय मिटला.”

“हमीद, तू व्यापारी. ठरलेला माल बदलून देता येतो का?”

मी गुजरात्याकडून पातेली घासाघीस करून आणतो, मुरादाबादच्या माणसाला घाम फोडतो. पण या माणसापुढे माझी मात्रा कधी चालली नाही. आणि वर लॅटिन! “दे म्हणजे पासून. हाबेरे म्हणजे जवळ असणं. दुसऱ्याचं काही आपल्याजवळ असणं, ते देबेरे. ज्याच्याजवळ ते असतं, तो देबितोर. यात लाजायचं काय आहे?”

“आमच्यात याला दाबून ठेवणं म्हणतात, सर.”

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मलाच आणावं लागलं.

पुढं तर ही सवयच झाली. एकट्या माणसाला गल्ली उपाशी ठेवत नाही. कुणाकडून आमटीची वाटी, कुणाकडून भाकरीचं ताट. गेलेलं भांडं परत येईना. भांड्यांवर नावं कोरलेली, ती मीच माझ्या मशीनवर कोरून दिलेली. सरांच्या पुढच्या खोलीतल्या फळीवर ती सगळी ओळीनं लावलेली, नाव बाहेर दिसेल अशी. “बघ,” ते म्हणत, “सगळी गल्ली माझ्याकडे मुक्कामाला आहे.”

मागायला गेलेल्या बाईला ते म्हणत, “बसा, शोधतो.” समोरच्या फळीवर असलेली वाटी ते आत जाऊन शोधत. चहा होई. सून कशी आहे, गुडघा कसा आहे, विचारपूस होई. एखाद्या शब्दाचं मूळ निघे. आणि बाई वाटी न घेता घरी येई. पाटीलकाकू मला म्हणायच्या, “आवं हमीदभाई, मी वाटी आनाया गेल्ते. घरी आले तं ध्यानात आलं, वाटी न्हाई, पन लुंगी म्हंजी काय ते कळलं.”

“लुंगी कुठली लॅटिन, काकू?”

“कुनाला ठावं! चहा बरा करत्यात.”

त्यांची मुलगी पुण्यात असते. चांगली पोरगी आहे, मोठ्या कंपनीत आहे, जावईही सोन्यासारखा. रोज व्हिडिओ कॉल करते. “पप्पा, इकडे या. अकराव्या मजल्यावर मस्त वारा येतो.” सर दुकानात माझ्यासमोरच बोलत. मोबाईल हातभर लांब धरून सांगत, “कसा येऊ बेटा? गावभरची भांडी आहेत माझ्याकडे. देणेकरी माणसाला असं गाव सोडता येत नाही.” एकदा मी तिला ओरडून सांगितलं, “बेटा, आधी माझा डबा द्यायला लाव, मग घेऊन जा!” ती हसली. सर हसले नाहीत. फोन खिशात ठेवला आणि छत्री विसरून गेले.

माझ्या धंद्यातली एक गोम सांगतो. गिऱ्हाईक पातेलं घेतं. मी म्हणतो, या मापाचं झाकण संपलंय, पुढच्या बाजारी या, ठेवून देतो. ते झाकणासाठी परत येतं. आलं की चार चमचे, एक गाळणी घेऊन जातं. हिशेब पुरा झालेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायला मोकळं. थोडं काही बाकी ठेवलं की पाय आपोआप वळतो. स्टुलावर बसून सरांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाकून म्हणाले, “हमीद, झाकण तर खालच्या खणात आहे.”

“सर, गप्प बसा.”

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी वाकून खालचा खण उघडून पाहिला. मग म्हणाले, “हे आम्हाला शिकवलं नव्हतं.”

यंदा दुकानाचं तिसरं शटर उघडलं. आत शिरल्या शिरल्या काचेचं कपाट केलं. त्यात मधोमध अब्बांचा डबा ठेवायचा, हे माझं ठरलेलं. मी सरांकडे आठवडाभर फेऱ्या मारल्या. शेवटी हात जोडले. “रिकामा कसा देऊ?” याच्यापुढे गाडी सरकेना. उद्घाटनाला ते कपाट रिकामं राहिलं. लोक विचारत होते, इथं काय येणार आहे?

मी दोन शब्द बोललो. म्हणालो, हे जे काही आहे ते माझ्या दोन हातांचं आहे, हमीद कुणाचं काही देणं लागत नाही. टाळ्या पडल्या. त्या संपतात न संपतात तोच सर उठले.

“एक दुरुस्ती आहे,” ते म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच. “हा टिचकी मारून भांड्याचा कस सांगतो. तो कान त्याच्या वडिलांचा. गिऱ्हाइकाला ‘बसा, पाणी घ्या’ म्हणतो, तो सूर त्याच्या आईचा. दुसऱ्याचं जवळ ठेवून बसलाय. हमीदसुद्धा देबितोर आहे!”

लोक हसले. कुणी वाईट हसलं नाही, हे मला आज कळतं. त्या दिवशी माझ्या कानशिलात आग झाली. रिकाम्या कपाटासमोर उभं करून, ज्याच्यामुळे ते रिकामं त्यानंच मला देणेकरी म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखे आले, छत्री कोपऱ्यात उभी केली, स्टूल ओढलं.

“सर,” मी म्हणालो, “तो डबा तुम्हालाच राहू द्या.”

“अरे, देतो ना...”

“नको. सोडला मी. माफ केला. नाहीतरी तुमच्या प्रार्थनेत ते आहेच ना, देणेकऱ्याला सोडून द्यावं? सोडलं. आजपासून तुमचं माझ्याकडे काही नाही, माझं तुमच्याकडे काही नाही. हिशेब मिटला.”

मला वाटलं, आता लॅटिन येणार. आलं नाही. “असं नको करू रे,” एवढंच सर म्हणाले. माझं तोंड सुटलं होतं, मी गिऱ्हाइकाकडे वळलो. मागं पाहिलं तेव्हा स्टूल रिकामं होतं.

छत्रीही नव्हती.

ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. बरं झालं, डोक्याची कटकट गेली, असं मी गिऱ्हाइकांना सांगितलं. दुकानात इतकी शांतता की पंख्याचा आवाज यायला लागला. रुक्साना, माझी बायको, म्हणाली, “जाऊन बघा तरी.” मी म्हणालो, “मी का जाऊ? माझं काय आहे तिथं?” आणि हे म्हणताना मलाच कसंतरी झालं. खरंच, काय सांगून जाणार होतो?

मग भिंतीपलीकडून तळणीचा वास यायला लागला. तळणीचा कसला, करपल्याचा. दोन दिवस. खिडकीतून निळा धूर. आणि एका सकाळी पाटीलकाकू दुकानाच्या पायरीवर हजर. मला त्यांनी बोलूच दिलं नाही.

“हमीदभाई, तुमी सरांना काय बोललात?”

“मी काय बोलणार?”

“आवं, त्यांनी माजी वाटी परत दिली! भरून दिली! करंज्या हायत म्हनं. दाताखाली न्हाई आल्या, मुसळाखाली येतील तं येतील. पन त्ये न्हाई म्हनत मी. समद्यांची भांडी दारोदार पोचवत्यात. साळुंक्याचं ताट दिलं, शेखांची बरनी दिली. फळी पार मोकळी केली. आन् आत बॅग भरून ठेवलीय. पोरीकडं चाललो म्हनत्यात. म्हातारा मानूस एकाएकी समद्यांचं देऊन टाकाया लागला तं चांगलं आसतं व्हय ओ?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हातात वाटी होती. ती त्यांनी परत आणली होती, करंज्यांसकट. पुन्हा सरांकडे काहीतरी घालून पाठवायची होती, पण कुठल्या तोंडानं पाठवावी ते त्यांना कळत नव्हतं. गिऱ्हाइकाचं आणि सरांचं गणित एकच असतं, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. बाकी ठेवली तर पाय वळतो. मी, झाकणं दडवून दुकान वाढवलेला माणूस, सरांचा हिशेब मिटवून मोकळा झालो होतो. आणि ते बॅग भरत होते.

मी गल्ला बंद करून उठणार, तेवढ्यात सरच दुकानात आले. हाताला दोन ठिकाणी भाजल्याचे डाग, शर्टाला मैदा. दोन्ही हातांत माझा डबा, वर फडकं बांधलेलं. त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

“कबूल केल्याप्रमाणे,” ते म्हणाले. “माल हलका आहे. तिच्या हातचा नाही. पण भरून आणलाय.”

मी गाठ सोडून फडकं बाजूला केलं, डब्याला हात लावला. अब्बांची कल्हई कडेला तशीच चमकत होती. घासूनपुसून ठेवलेला डबा होता, इतकी वर्षं. एक करंजी तोंडात घातली. ती फुटेना. मी ती गालात धरून ठेवली.

“पुण्याला कधी?” मी विचारलं.

“उद्याची गाडी होती.” सर फडकं पुन्हा बांधत होते. “पण एक अडचण झाली.”

“काय?”

“झाकण सापडत नाहीये.”

मी डब्याकडे पाहिलं. खरंच, वर नुसतं फडकं.

“घरात कुठंतरी असेल,” सर म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या पातेल्यांच्या उतरंडीकडे बघत होते. “या मापाचं दुसरं मिळणार नाही. शोधावं लागेल. मुलीला कळवलंय, झाकण सापडेपर्यंत येता येत नाही. तू... तू सवडीनं येऊन बघ. पुढच्या बाजारी.”

माझ्या दुकानात, माझ्या काउंटरवर, माझीच गोम! माझा पारा चढला. मी ओरडलो. मेन रोडला ऐकू गेलं म्हणतात. “झाकणाशिवाय डबा म्हणजे काय डबा आहे? अब्बांच्या हातचं झाकण आहे ते! मी सोडणार नाही, सर, सांगून ठेवतो! रोज येईन! दारात बसेन!”

“ये की,” सर म्हणाले. आणि स्टूल ओढून बसले.

त्या दिवशी जाताना ते छत्री विसरले.

डबा आता काचेच्या कपाटात आहे, उघडाच. लोक विचारतात, झाकण कुठंय? मी म्हणतो, एका देणेकऱ्याकडे अडकलंय, वसुली चालू आहे. दर सोमवारी दुकान बंद केलं की मी वसुलीला जातो. सर म्हणतात, “बस, शोधतो.” मग ते आत जातात आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करतात. फळी पुन्हा भरत आली आहे. पाटीलकाकूंची वाटी पहिली आली. मी खुर्चीवर बसून बडबडतो, पाटीवरून, लॅटिनवरून, करंज्यांवरून. चहा येतो. चहाला दूध लागतं. दुधाचं पातेलं शेगडीच्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर असतं, आणि त्यावर एक पितळी झाकण असतं, घासून लख्ख केलेलं.

ते मला अजून दिसलेलं नाही.